सांबऱ्याहून लहान विमान उडवताना हवामान कसं कळतं आणि वाटेत बेत कसा बदलायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या सांबरा विमानतळावर वैमानिक प्रशिक्षण सुरू झाल्यापासून छोट्या विमानांची घरघर बेळगावकरांच्या सवयीची झाली आहे. मी स्वतः असं विमान उडवतो, त्यामुळे लग्नात, बारशात, अगदी केशकर्तनालयातसुद्धा मला तेच तेच प्रश्न विचारले जातात. काही पोरं शिकायला लागलेली असतात, काहींचे आईवडील काळजीत असतात, तर काहींना नुसतं कुतूहल असतं. त्या सगळ्यांसाठी हे एकदाच लिहून ठेवतो. शिकाऊ वैमानिकाने यातलं काहीही आपल्या इन्स्ट्रक्टरच्या शब्दावर चढवू नये.

व्हीएफआर व्हीएफआर म्हणतात ते काय?

व्हिज्युअल फ्लाइट रूल्स, म्हणजे बाहेर बघून उडायचे नियम. जमीन, क्षितिज आणि दुसरी विमानं डोळ्यांना दिसली पाहिजेत. दहा हजार फुटांखाली दृश्यमानता किमान ५ किलोमीटर हवी. ढगापासून आडवं १५०० मीटर आणि उभं १००० फूट अंतर राखायचं. नियंत्रित विमानतळावर ढगांचं छत १५०० फुटांच्या खाली आलं किंवा दृश्यमानता ५ किलोमीटरपेक्षा कमी झाली की साधं व्हीएफआर बंद होतं. मग फार तर टॉवरकडून, म्हणजे विमानतळाच्या हवाई नियंत्रकाकडून, 'स्पेशल व्हीएफआर' ही खास परवानगी मागता येते, तीही त्यांनी दिली तर.

भारतात सूर्यास्त ते सूर्योदय व्हीएफआर चालत नाही. विमानतळाभोवतीच्या स्थानिक आणि प्रशिक्षणाच्या उड्डाणांना टॉवर सूट देऊ शकतो, पण कोल्हापूरहून परत येताना ती गृहीत धरायची नाही. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारी उशिरा निघणाऱ्याने मावळतीची वेळसुद्धा हवामानाच्या कागदावरच लिहावी, असं माझं मत आहे.

निघण्याआधी हवामान कुठून घेता?

भारतीय हवामान विभागाकडून. १८७५ साली सुरू झालेला हा विभागच आपल्या देशात विमानांसाठी अधिकृत हवामान देतो. विमानतळावर त्यांचं मेट ऑफिस असतं. शिवाय त्यांची ऑनलाइन ब्रीफिंगची व्यवस्था आहे. तिथं मेटार, टॅफ, धोक्याच्या हवामानाचे इशारे आणि वरच्या वाऱ्यांचे नकाशे मिळतात. उपग्रहाची चित्रं इन्सॅट-३डीआर आणि २०२४ साली सोडलेल्या इन्सॅट-३डीएसकडून येतात. गोव्यात डॉप्लर रडार आहे. घाटावरचा पाऊस कुठवर आलाय हे बघायला आम्हाला तेच उपयोगी पडतं.

नोटॅमही, म्हणजे धावपट्टी बंद वगैरे कळवणाऱ्या वैमानिकांसाठीच्या सूचना, त्याच वेळी बघायचे. ते हवामान नव्हे, मान्य. पण पाऊस चुकवून हुबळीला पोचल्यावर तिथली धावपट्टी दुरुस्तीसाठी बंद निघाली, तर काय उपयोग?

मेटारची ती गिचमिड वाचायची कशी?

मेटार म्हणजे विमानतळावरच्या हवेची ठरावीक वेळची नोंद. जूनमधल्या एका सकाळचा नमुना घेऊ (हा मी समजावण्यासाठी बनवलेला आहे):

व्हीओबीएम १००३३०झेड २६०१२केटी ५००० बीआर एससीटी०१८ बीकेएन०२५ २६/२२ क्यू१००९ नोसिग

व्हीओबीएम म्हणजे आपलं सांबरा. पुढे दहा तारीख आणि वेळ ०३३०. झेड म्हणजे जागतिक वेळ, तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपले सकाळचे नऊ. नवीन पोरं इथंच पहिली चूक करतात आणि पहाटे साडेतीनचं हवामान समजून ते बाजूला सारतात. वारा २६० अंशांवरून, म्हणजे जवळजवळ पश्चिमेकडून, १२ नॉट्स (तासाला १२ सागरी मैल; एक सागरी मैल म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर). आपली धावपट्टी ०८-२६, म्हणजे ८० आणि २६० अंशांच्या दिशेची, असल्यामुळे पावसाळी वारा बहुधा नाकासमोरच येतो. सांबऱ्याचं हे एक सुख.

दृश्यमानता ५००० मीटर आणि बीआर म्हणजे ओलसर धूसरपणा. नियमाच्या काठावर. सांबऱ्याहून बेळगावचा किल्ला सरळ रेषेत साधारण दहा किलोमीटर पडतो, म्हणजे या हवेत निम्म्या वाटेपर्यंतचंच दिसणार.

आता ढग. आकाशाचे आठ भाग मानतात. एक-दोन भाग झाकले तर एफईडब्ल्यू, तीन-चार तर एससीटी, पाच ते सात बीकेएन आणि आठही झाकले तर ओव्हीसी. आकड्यापुढे दोन शून्यं लावली की फूट मिळतात. छत म्हणून बीकेएन किंवा ओव्हीसीचा सर्वांत खालचा थर धरतात, म्हणजे इथं २५०० फूट. कागदावर उड्डाण बसतं.

ही उंची धावपट्टीपासून मोजलेली असते, समुद्रापासून नव्हे. सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे २४८७ फुटांवर आहे. विरळ ढगांचा तळ १८०० फुटांवर म्हणजे समुद्रसपाटीपासून अंदाजे ४३०० फूट. त्याच्याखाली १००० फूट अंतर ठेवायचं तर तुम्ही ३३०० फुटांवर आलात. आणि पश्चिमेला महिपाळगडाचा माथा तीन हजार दोनशेच्या घरात! पूर्वेला सौंदत्तीकडे ज्या हवेत आरामात फिरता येईल, त्याच हवेत चंदगडच्या बाजूला जायचं नाव काढू नये. मेटारमध्ये हे कुणी लिहून देत नाही, नकाशा शेजारी ठेवून आपणच काढायचं.

२६/२२ म्हणजे तापमान आणि दवबिंदू. दोन्हीतला फरक गुणिले ४०० केलं की ढगाच्या तळाचा ढोबळ अंदाज येतो. इथं चार अंश, म्हणजे १६०० फूट, नोंदीच्या जवळपास. हा फरक सकाळभर कमी कमी होत असेल तर मला ते ढग दिसण्याआधीच आवडत नाही. क्यू१००९ हा हवेचा दाब, उंचीमापकात बसवायचा. एक हेक्टोपास्कलची चूक म्हणजे जवळपास ३० फुटांची चूक. नोसिग म्हणजे पुढच्या दोन तासांत मोठा बदल अपेक्षित नाही.

आणि टॅफ?

टॅफ म्हणजे पुढच्या काही तासांचा अंदाज. तो विमानतळ आणि त्याच्या लगतच्या परिसरापुरता असतो. कोल्हापूरचा टॅफ छान आहे म्हणून निपाणीवर ऊन असेल असं नाही. 'टेम्पो' हा शब्द दिसला की थांबून वाचा. तात्पुरता बदल, एका वेळी तासाभराहून कमी टिकणारा, असा त्याचा अर्थ आहे. आपण नेमके त्याच तासात पोचणार असू तर ते 'तात्पुरतं' आपल्याला पुरून उरतं.

मोबाइलवर 'विंडी' हे हवामानाचं ॲप बघून चालत नाही काय?

बघा की, मीही बघतो. वारा पुढच्या दोन दिवसांत कुठून फिरणार याचं चित्र त्यात छान दिसतं. पण ते गणितातून आलेलं भाकीत असतं, कुणी बघून लिहिलेली नोंद नव्हे. जगातली चांगली प्रारूपंसुद्धा साधारण नऊ किलोमीटरच्या चौकोनांत हिशेब करतात. आपल्याकडे मे २०२५ मध्ये आलेली भारत फोरकास्ट सिस्टीम सहा किलोमीटरवर आली आहे, ही मोठीच गोष्ट. तरी जांबोटीचा एक डोंगर आणि त्याच्या मागची दरी त्या चौकोनात एकजीव होऊन जाते.

विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे. ते मुळात शेतात, झाडाखाली उभ्या असलेल्या माणसासाठी केलेलं, पण जमिनीवर असताना ढग कुठं कडाडायला लागलेत हे त्यावरून कळतं. हवेत गेल्यावर मात्र मोबाइलवर भिस्त ठेवू नका.

गावाकडे फोन करून विचारलं तर?

हसू नका, मी करतो. माझी मावशी चंदगडला असते.

"मावशी, महिपाळगड दिसतोय काय गं?"

"कुठला दिसतोय रे! सकाळपासून झाकलाय. तू यायलायस काय?"

एवढ्यात मला माझं उत्तर मिळतं. अधिकृत ब्रीफिंगची जागा हा फोन घेऊ शकत नाही आणि लॉगबुकात तो लिहिताही येत नाही. पण मेटार मिळतो तो विमानतळांचा. सांबरा, कोल्हापूर, हुबळी यांच्या मधल्या चाळीस-पन्नास सागरी मैलांत मोजणारं यंत्र नसलं तरी डोळे असलेली माणसं असतात. त्यांना 'पाऊस आहे का' असं विचारू नका, कारण पाऊस नसतानाही ढग डोंगरावर टेकलेला असू शकतो. ओळखीचा डोंगर, मोबाइलचा टॉवर किंवा कारखान्याची चिमणी दिसते का ते विचारा.

गोवा तर जवळच आहे. तिकडे जायला अवघड का म्हणतात?

सांबऱ्याहून गोव्यातला मोपा विमानतळ सरळ रेषेत सुमारे ४५ सागरी मैल आहे. शंभर नॉट्सच्या विमानाला अर्धा तास पुरे. अवघड आहे ती मधली सह्याद्रीची धार.

मोपाच्या मेटारमध्ये बीकेएन०१८ आलं असं धरा. १८०० फुटांवर छत, खाली दृश्यमानता दहा किलोमीटर, समुद्रकाठी बसलेल्या माणसाला झकास हवा. पण मोपा समुद्रसपाटीपासून काहीशे फुटांवरच आहे. म्हणजे त्या ढगांचा तळ सांबऱ्याच्या धावपट्टीच्याही खाली आला! बेळगावच्या पठारावरून निघालेलं विमान चोर्ल्याच्या किंवा तिलारीच्या काठावर पोचलं की समोर ढगांची गादी पसरलेली दिसते आणि तिच्यातून खाली उतरायला व्हीएफआर विमानाला वाट नसते. दोन्ही विमानतळांची हवा 'चांगली' आणि मधली वाट बंद, हा प्रकार या घाटात नेहमीचा.

पावसाळ्यात तर बोलायलाच नको. समुद्रावरून आलेली ओली हवा कड्यावर चढते, थंड होते आणि तिथंच ढग होऊन बसते. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो याचमुळे. तिथून पूर्वेला अथणीकडे गेलात तर लोक पावसाची वाट बघत असतात. एकाच जिल्ह्यात आणि त्याच्या शेजारात हवेचे इतके अवतार असल्यावर 'बेळगावची हवा कशी आहे' या प्रश्नाला अर्थ राहत नाही. बेळगावच्या कुठल्या बाजूची, हे आधी सांगा.

घाटाबद्दल आणखी एक. जोराचा पश्चिम वारा असताना धारेच्या पूर्वेकडे, म्हणजे आपल्या बाजूला, हवा खाली कोसळते आणि खडबडते. विमान पूर्ण ताकदीवर असूनही वर चढेना, असं तिथं होऊ शकतं. म्हणून धार काटकोनात ओलांडायची नाही, तिरपं जायचं. मग परत वळायला कमी फिरावं लागतं.

वळीव येणार हे आधी कळत नाही का?

येणार हे कळतं. कुठं आणि किती वाजता, हे नाही.

एप्रिल-मेमध्ये सकाळी आकाश धुतल्यासारखं असतं. दुपारपर्यंत पठार तापतं, अरबी समुद्राकडून ओलावा आत येतो आणि दोन-तीनच्या सुमारास फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग वर चढायला लागतात. त्यातला एखादा वीस-तीस मिनिटांत सीबी होतो, म्हणजे कडाडणारा, गारा टाकणारा. त्याचा माथा चाळीस हजार फुटांच्या वर जाऊ शकतो. आपलं विमान त्याच्यापुढे पतंग. एक ढग तासाभरात विरतो खरा, पण त्याच्यातून खाली आदळलेली थंड हवा शेजारी दुसरा उभा करते.

एका एप्रिलच्या शेवटी मी कोल्हापूरहून बेळगावला यायला निघालो होतो. दुपारचे साडेतीन. दोन्हीकडचे मेटार साफ. निपाणी मागे पडली, संकेश्वर दिसलं आणि त्याच्या पुढे हिडकलच्या बाजूला काहीच दिसेना. काळा पडदा टांगल्यासारखा. डावीकडून, पूर्वेच्या बाजूने, वळसा घालता येईल असं वाटत होतं. तिकडे एक उजळ फट होती. ती फट बघत मी तीन-चार मिनिटं तसाच पुढे गेलो, आणि आजही मला त्या मिनिटांचा राग येतो. कारण फटीच्या पलीकडे काय आहे ते मला माहीत नव्हतं. नुसता उजेड होता. मग खाली संकेश्वरच्या शेतांत धूळ उठलेली दिसली, सगळी एकाच दिशेने पळणारी. पावसाच्या पुढे धावणारा वारा माझ्यापर्यंत पोचला होता. मी वळलो आणि कोल्हापूरला परत उतरलो.

सांबऱ्यावर गाडी घेऊन थांबलेला थोरला भाऊ फोनवर म्हणाला, "एसटीनं आला असतास तर एव्हाना जेवून झोपला असतास." रात्री बेळगावात झाडं पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निघून मी पावणेआठच्या आत पोचलो, आकाश पुन्हा धुतल्यासारखं.

सीबीपासून वीस सागरी मैल दूर राहावं असं शिकवतात. बेळगाव-कोल्हापूर सगळं मिळून ५२ सागरी मैल आहे. म्हणजे वाटेच्या मधोमध एक जरी सीबी उभा राहिला तरी वाट गेलीच समजायची.

हिवाळ्यात तरी हवा चांगली असते ना?

वारा शांत असतो, ढग नसतात. पण गळीत हंगाम असतो. चिकोडी, हुक्केरी, निपाणी, अथणी या पट्ट्यात साखर कारखान्यांच्या चिमण्या सुरू असतात आणि तोडणी झालेल्या उसाचं पाचट जाळलं जातं. रात्री जमिनीलगतची हवा थंड होते, वर उबदार हवेचं झाकण बसतं, आणि धूर सकाळी नऊ-दहापर्यंत खालीच कोंडतो. वरून थेट खाली पाहिलं तर शेतं स्वच्छ दिसतात, समोर तिरपं पाहिलं तर दुधासारखं सगळं पांढरं, आणि सूर्य समोर असेल तर विचारूच नका. उतरताना धावपट्टी तिरपीच बघायची असते, त्यामुळे खाली दिसणाऱ्या शेतांवर भरवसा ठेवून चालत नाही. घटप्रभा आणि मार्कंडेयाच्या काठाने धुकंही धरतं. उपाय साधा आहे: तासभर उशिरा निघा.

उन्हाळ्यात विमान जड का वाटतं?

हवा विरळ होते म्हणून. सांबरा आधीच अडीच हजार फुटांवर. त्या उंचीचं प्रमाण तापमान १० अंश धरतात, आणि मे महिन्यात पारा ३७ वर गेला की विमानाला आपण साडेपाच-सहा हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं. इंजिन कमी ताकद देतं, पंख कमी उचलतात, धावपट्टी जास्त लागते. २३०० मीटरची धावपट्टी असल्यामुळे निघायची भीती नाही. पण चढण मंद असते. वाटेत ढग चुकवायला झटकन वर जाईन असा बेत केला असेल तर तो फसतो.

एकदा हवेत गेल्यावर नवी माहिती कुठून येते?

रेडिओवरून आणि खिडकीतून. अमेरिकेत जमिनीवरच्या केंद्रांकडून विमानातल्या टॅबलेटवर रडारचं चित्र फुकट येतं. आपल्याकडे तशी सोय नाही. मुंबई आणि कोलकात्याहून व्हॉल्मेटवर हवामान वाचून दाखवतात, पण ते एचएफ, म्हणजे लांब पल्ल्याच्या, रेडिओवर, आणि आपल्या छोट्या विमानात एचएफ सहसा नसतोच.

म्हणून टॉवरला विचारा. ज्या विमानतळाकडे चाललाय तिथला ताजा वारा, दृश्यमानता, ढग, दाब. उगाच का त्रास द्यायचा असं वाटून पोरं गप्प बसतात, पण ते सांगणं नियंत्रकाचं कामच आहे. दुसऱ्या विमानांचं बोलणंही ऐकत राहा. हुबळीला उतरणारं मोठं विमान ढगाला वळसा घालायला दिशा बदलून मागत असेल, तर तो ढग तुमच्याही वाटेत आहे. आणि तुम्ही स्वतः काही बघितलं असेल तर तेही सांगून टाका. मागून येणाऱ्याला त्या क्षणी त्याहून ताजी माहिती कुठंच मिळणार नाही.

खिडकीतून काय बघायचं? खालच्या चिमण्यांचा धूर कुठं वाकतोय. तळ्यावरच्या लाटा. ढगांच्या सावल्या जमिनीवर किती वेगाने पळतायत. पुढचा डोंगर मागच्या डोंगरापुढे हळूहळू उघडतोय की झाकला जातोय. झाकला जात असेल तर तुम्ही खाली आलाय किंवा ढग.

बेत बदलायचा म्हणजे नक्की काय करायचं?

अर्धं काम जमिनीवरच होतं. निघण्याआधी नकाशावर पेन्सिलने दोन-तीन ठिकाणं मार्क करायची, आणि प्रत्येक ठिकाणी 'इथं अमुक दिसलं नाही तर तमुक करायचं' असं लिहायचं. हवेत गेल्यावर डोकं अर्धंच चालतं, हे गृहीत धरून.

उदाहरण घेऊ. सांबऱ्याहून हिडकल धरण, तिथून संकेश्वर-निपाणीच्या कडेने कोल्हापूर. पहिला टप्पा सुमारे १८ सागरी मैल, दुसरा ३७. वेग शंभर नॉट्स धरून हिडकल ११ मिनिटांत यायला हवं. आलं १४ मिनिटांत. म्हणजे जमिनीवरचा वेग ७७ नॉट्स. पुढचे ३७ मैल २२ मिनिटांऐवजी २९ मिनिटं घेणार. शिवाय पुढचा टप्पा वायव्येचा. वारा तिकडूनच असेल तर आणखी मिनिटभर जास्त. अंदाजात नसलेला एवढा वारा का आला, हा पुढचा प्रश्न. वारा चुकला असेल तर ढगांचाही अंदाज चुकला असण्याची शक्यता धरायची. मी हिडकलवरची ती तीन मिनिटं हवामानखात्याच्या बातमीसारखी वाचतो.

वाट सरकली तर साठास एकचा हिशेब: ६० मैलांवर एक मैल बाजूला म्हणजे एक अंश. २० मैल गेल्यावर दोन मैल बाजूला असाल तर सहा अंशांची चूक. धरण, महामार्ग, घटप्रभेचं पात्र अशा मोठ्या खुणांवर हे जुळवायचं. महामार्ग धरून जाणं यात कमीपणा मानणारे लोक मला भेटलेत. पुणे-बंगळूर रस्ता मला आवडतो. तो हरवत नाही.

वळायचं ठरलं की क्रम असा: आधी विमान सांभाळा, मग दिशा धरा, मग बोला. उलट क्रमाने गेलेला माणूस रेडिओवर छान बोलत बोलत ढगात शिरतो. दिशा धरल्यावर घड्याळ बघून वेळ लिहा, अंतराचा अंदाज अंगठ्याने काढला तरी चालेल, आणि टॉवरला सांगा: कुठं आहे, कुठं चाललो, किती वाजता पोचेन, इंधन किती. आपल्याकडे क्रॉस-कंट्रीला, म्हणजे एका विमानतळाहून दुसऱ्याकडे जायला, फ्लाइट प्लॅन आणि हवाई संरक्षणाची मंजुरी लागते, त्यामुळे कुणाला न सांगता भलतीकडे जाण्याची चैन नाही. सांबरा हवाई दलाचंही ठाणं आहे हे विसरू नका.

बेळगावकराच्या हाताशी पर्याय चांगले आहेत. हुबळी ४० सागरी मैल, कोल्हापूर ५२. एक आग्नेयेला, एक उत्तरेला. दोन्हीकडे एकदमच बिघडणं कमी वेळा होतं. पावसाळ्यात मात्र होतं.

इंधन किती ठेवायचं?

दिवसाच्या व्हीएफआरसाठी मुक्कामी पोचल्यावर निदान ३० मिनिटांचं उरलं पाहिजे. चार आसनी सेस्ना १७२ तासाला तीस-पस्तीस लिटर पिते, म्हणजे हा साठा सोळा-सतरा लिटर. मला तो पुरेसा वाटत नाही. मी तासाभराचं ठेवतो. हुबळीपर्यंत जाऊन, तिथं धावपट्टीवर कुणी अडकलं म्हणून घिरट्या घालाव्या लागल्या तरी पोटात गोळा येऊ नये एवढं.

चुकून ढगात शिरलोच तर?

१९५४ साली इलिनॉय विद्यापीठात वीस वैमानिकांवर हा प्रयोग झाला. उपकरणांवर उडायचं शिक्षण नसलेल्यांना काही न दिसण्याच्या परिस्थितीत ठेवलं. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. दोष हुशारीचा नसतो. क्षितिज दिसेनासं झालं की कानातला तोल खोटं सांगायला लागतो. वळणात असताना सरळ आहोत असं वाटतं, सरळ केलं की उलटीकडे कललो असं वाटतं.

म्हणून: पोटाला काय वाटतंय ते सोडा. कृत्रिम क्षितिजावर (विमान किती कललंय ते दाखवणाऱ्या उपकरणावर) डोळे खिळवा, पंख सपाट करा, मग हलक्या वळणाने १८० अंश फिरा. जिथून आलात तिथं एका मिनिटापूर्वी दिसत होतं. आणि रेडिओवर स्पष्ट सांगा. सुरू असलेल्या फ्रीक्वेन्सीवर, नाहीतर १२१.५ या आणीबाणीच्या फ्रीक्वेन्सीवर. दंड होईल, लायसन्स जाईल या विचाराने गप्प बसलेल्यांच्या गोष्टी सांगायला ते स्वतः येत नाहीत.

रेडिओवर कानडी यावं लागतं काय?

इंग्रजी. कानडी लागतं ते कँटीनमध्ये, आणि तिथं मराठीही चालतं.

पोरगी सोलो क्रॉस-कंट्रीला गेलीय. ठरलेल्या वेळी परतली नाही तर घाबरायचं का?

हा प्रश्न आयांचा, त्यामुळे नीट सांगतो. खासगी वैमानिकाच्या लायसन्ससाठी एकटीने १५० सागरी मैलांचं उड्डाण करावं लागतं, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण उतरून. बेळगाव-हुबळी-कोल्हापूर-बेळगाव हा त्रिकोण साधारण १८० मैलांचा होतो. त्यात कुठंही तासभर हवा निवळायची वाट बघत बसणं अगदी रोजचं आहे.

विमान कुठं आहे हे टॉवरना माहीत असतं. ठरलेल्या वेळेनंतर ३० मिनिटांत विमान पोचलं नाही आणि खबरही नसेल, तर 'अनिश्चितता' म्हणून शोधाची पहिली पायरी सुरू होते, आणि त्यासाठी तुम्ही कुणाला फोन करावा लागत नाही. म्हणूनच बेत बदलला की मुलांनी रेडिओवर लगेच सांगायचं, नाहीतर ती हुबळीत चहा पीत असताना इकडे शोधाची तयारी होते.

तुम्ही तिच्या मोबाइलवर सतरा वेळा फोन करू नका. तो बंद असतो किंवा बॅगेत असतो. उतरल्यावर आधी इन्स्ट्रक्टरला, मग घरी, असं तिला आधीच सांगून ठेवा. आणि "मुक्कामाला हुबळीला राहावं लागतंय गं आई" असा फोन आला, तर "लवकर निघाली असतीस तर" हे वाक्य त्या दिवशी तोंडातून काढू नका. पुढच्या वेळी तिने संकेश्वरवरून मागे फिरायला हवं असतं, तेव्हा ते तिला आठवतं.